बत्तिसावा बाइट : पेनड्राइव्ह ड्रायव्हरच्या एका हेडर फाइलचं प्रकरण

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका छोट्या कारखान्यात बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी तापमान-आर्द्रता नोंदवणारा लॉगर तयार होतो. माळव्यात त्याला गिऱ्हाईक आहे. बियाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांवर ठेवतात, चिप्सचा मात्र १० ते १२ अंशांवर, कारण जास्त थंडीत स्टार्चची साखर होते आणि तळताना चिप्स काळपट पडतात. त्यामुळे कोणत्या खोलीत किती दिवस किती तापमान होतं याची नोंद मागितली जाते. लॉगर दर ५ मिनिटांनी एक नोंद घेतो, म्हणजे आठवड्याला एका सेन्सरच्या २०१६ नोंदी. आठवड्यातून एकदा मुनीमजी पेनड्राइव्ह लावतात, सीएसव्ही फाइल उतरते, ते घेऊन जातात. स्टोरेज या एकाच शब्दात इथे बटाटेही आले आणि ब्लॉकही. पुढचं सगळं ब्लॉकांबद्दल आहे.

लॉगरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम नाही. यूएसबी होस्टचा, म्हणजे पेनड्राइव्हला कमांड देणाऱ्या बाजूचा, ड्रायव्हर सी भाषेत घरीच लिहिलेला. नमुना बोर्डावर कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसर होता आणि त्यावरचा ड्रायव्हर दिसायला गबाळा असला तरी चालत होता: एक ३२ बाइटांचा बफर घ्यायचा आणि १५व्या जागी कमांड, १७ ते २० मध्ये पत्ता, २२ आणि २३ मध्ये लांबी असं हाताने भरायचं. जेल रोडवरून आणलेले पाचही पेनड्राइव्ह त्यावर वाचले-लिहिले जात होते.

उत्पादनात जाण्याआधी कोडची साफसफाई झाली. १७ आणि २२ असे उघडे आकडे काढून प्रत्येक पॅकेटसाठी नावांसकट स्ट्रक्ट (सी भाषेत अनेक फील्ड एकत्र बांधणारा प्रकार) करायचं आणि ती सगळी एका हेडर फाइलमध्ये, म्हणजे घोषणांच्या फाइलमध्ये, ठेवायची ठरलं. हेतू योग्यच होता. पण नव्या हेडर फाइलनंतर पाचांपैकी दोन पेनड्राइव्ह पहिल्याच कमांडला अडकले. उरलेले तीन ओळखले गेले, त्यांची क्षमताही बरोबर दिसली, आणि पडद्यावर संदेश आला : ‘पेनड्राइव्ह फॉरमॅट केलेला नाही’.

हा संदेश साध्या बिघाडापेक्षा वाईट. तो वाचून माणूस काय करणार? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह फॉरमॅट करणार, आणि मागच्या महिन्यांच्या फाइली जाणार.

तारेवर काय जातं

पेनड्राइव्हशी बोलण्याची ही पद्धत म्हणजे यूएसबी मास स्टोरेजचा बल्क-ओन्ली ट्रान्सपोर्ट. इंटरफेस डिस्क्रिप्टरमध्ये क्लास ०८, सबक्लास ०६ आणि प्रोटोकॉल ५० दिसला की हीच भाषा बोलायची. (इथे आणि पुढे बाइटांच्या किमती हेक्समध्ये आहेत, ए ते एफ ही हेक्सची अक्षरं. जागा आणि लांब्या मात्र दशमानात, जागा ० पासून मोजलेल्या.) यूएसबी-आयएफ या नियम ठरवणाऱ्या संस्थेने काढलेल्या त्याच्या स्पेसिफिकेशनच्या १.० आवृत्तीच्या मुखपृष्ठावर तारीख छापली आहे ३१ सप्टेंबर १९९९. सप्टेंबरला एकतिसावा दिवस नसतो, पण ३१ हा आकडा या प्रोटोकॉलच्या कुंडलीतच असावा.

प्रत्येक व्यवहार तीन टप्प्यांत होतो. आधी होस्ट ३१ बाइटांचा कमांड ब्लॉक रॅपर पाठवतो, म्हणजे सीबीडब्ल्यू. मग डेटा असेल तर तो एका दिशेने जातो. शेवटी उपकरण १३ बाइटांचा कमांड स्टेटस रॅपर देतं, म्हणजे सीएसडब्ल्यू.

सीबीडब्ल्यूची मांडणी अशी :

० ते ३ : सही, ‘यूएसबीसी’ ही चार अक्षरं, बाइट ५५ ५३ ४२ ४३
४ ते ७ : टॅग, होस्टने दिलेला क्रमांक
८ ते ११ : किती बाइट डेटा अपेक्षित आहे
१२ : दिशा, ८० म्हणजे उपकरणाकडून होस्टकडे, ०० म्हणजे उलट
१३ : लन, म्हणजे उपकरणातल्या ड्राइव्हचा क्रमांक, खालचे ४ बिट
१४ : आतल्या कमांडची लांबी, १ ते १६
१५ ते ३० : आतली कमांड, १६ बाइट

सीएसडब्ल्यूमध्ये ० ते ३ सही ‘यूएसबीएस’, ४ ते ७ तोच टॅग परत, ८ ते ११ उरलेला डेटा म्हणजे रेसिड्यू, आणि १२व्या जागी निकाल : ०० यशस्वी, ०१ अयशस्वी, ०२ फेज एरर, म्हणजे दोन्ही बाजूंचा ताळमेळ चुकला.

खरी गंमत १५व्या बाइटपासून सुरू होते. बाहेरचं पाकीट यूएसबीचं, म्हणून लिटल-एंडियन. आतलं पत्र स्कझी या डिस्कच्या कमांड-भाषेचं, म्हणून बिग-एंडियन. एकाच पॅकेटमध्ये दोन्ही. ब्लॉक क्रमांक २०४८ पासून एक ब्लॉक वाचायचा असेल तर तारेवर हे ३१ बाइट जायला हवेत :

५५ ५३ ४२ ४३ — ०१ ०० ०० ०० — ०० ०२ ०० ०० — ८० — ०० — ०ए — २८ ०० ०० ०० ०८ ०० ०० ०० ०१ ०० ०० ०० ०० ०० ०० ००

तिसऱ्या गटातले ०० ०२ ०० ०० म्हणजे ५१२, लहान टोक आधी. कमांडमधले ०० ०० ०८ ०० म्हणजे २०४८, मोठं टोक आधी. हे दोन तुकडे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय या विषयातला कोड लिहायला बसू नये. टॅगचा प्रश्न मात्र येत नाही. उपकरण तो न वाचता जसाच्या तसा परत पाठवतं, म्हणून तो कोणत्याही क्रमाने लिहिला तरी चालतो; लिनक्स कर्नलही टॅगची उलटापालट करत नाही.

पहिला दोष : शेपटीचा एक बाइट

नव्या हेडर फाइलमधलं स्ट्रक्ट असं होतं. (नावं इथे देवनागरीत उतरवली आहेत, फाइलमध्ये अर्थातच रोमन. यू८, यू१६, यू३२ म्हणजे स्टडिंटचे ८, १६ आणि ३२ बिटांचे बिनचिन्ह प्रकार.)

स्ट्रक्ट सीबीडब्ल्यू {
  यू३२ सही;
  यू३२ टॅग;
  यू३२ डेटा_लांबी;
  यू८ दिशा;
  यू८ लन;
  यू८ कमांड_लांबी;
  यू८ कमांड[१६];
};

सगळी फील्ड आपापल्या बरोबर जागी आहेत. मध्ये कुठेही भोक नाही. तरी साइजऑफ, म्हणजे कंपायलरच्या हिशेबातला आकार, ३२ येतो. यू३२ची अलाइनमेंट ४, म्हणजे त्याचा पत्ता ४च्या पटीत हवा, म्हणून अख्ख्या स्ट्रक्टचा आकार ४च्या पटीत हवा, नाहीतर अशा स्ट्रक्टच्या ॲरेतला दुसरा घटक वाकड्या पत्त्यावर पडेल. कंपायलर शेवटी एक बाइट जोडतो. त्याच न्यायाने सीएसडब्ल्यू १३ऐवजी १६ होतो.

ड्रायव्हरने साइजऑफ एवढे बाइट पाठवले. स्पेसिफिकेशननुसार सीबीडब्ल्यू वैध ठरायला तीन गोष्टी लागतात : तो योग्य वेळी आलेला असावा, सही बरोबर असावी, आणि लांबी नेमकी ३१ असावी. दोन पेनड्राइव्हनी लांबी तपासली आणि पाइप स्टॉल केला, म्हणजे हॉल्ट अवस्थेत नेऊन पुढचं बोलणं नाकारलं. तिघांनी तपासली नाही, बत्तिसावा बाइट सोडून दिला आणि पुढे गेले. त्या तिघांवर चालतं म्हणजे कोड बरोबर आहे असं नव्हे. ते तिघे ढिले आहेत इतकंच.

इथेच आणखी एक चूक उघडी पडली. स्टॉल आल्यावर ड्रायव्हर फक्त बल्क-इनचा, म्हणजे होस्टकडे येणाऱ्या पाइपचा, हॉल्ट काढत होता आणि पुन्हा प्रयत्न करत होता. अवैध सीबीडब्ल्यूनंतर हे पुरत नाही. पूर्ण रीसेट रिकव्हरी होईपर्यंत उपकरण स्टॉलमध्येच राहतं. तिचा क्रम ठरलेला आहे : आधी कंट्रोल पाइपवर क्लास रिक्वेस्ट, रिक्वेस्ट-टाइप २१, रिक्वेस्ट एफएफ, इंडेक्समध्ये इंटरफेसचा क्रमांक, डेटा शून्य, मग बल्क-इनचा हॉल्ट काढायचा, मग बल्क-आउटचा. हॉल्ट काढताना उपकरणाचा डेटा टॉगल (पॅकेटांवर आलटून-पालटून येणारी डेटा०/डेटा१ ही खूण) डेटा० वर येतो, म्हणून होस्टच्या बाजूचाही त्याच क्षणी डेटा० करायचा. तो राहून गेला तर पुढचं पॅकेट जुन्या पॅकेटची नक्कल समजून उपकरण त्याची पोच देतं आणि ते टाकून देतं. होस्टला वाटतं कमांड गेली.

सीएसडब्ल्यूच्या शेपटीचे तीन बाइट मात्र इथे निरुपद्रवी ठरले. १६ मागितले, १३ आले, पॅकेट आखूड होतं म्हणून ट्रान्सफर तिथेच संपली, आणि चारही फील्ड आपापल्या जागी होती.

दुसरा दोष : मधलं भोक

तीन ढिल्या पेनड्राइव्हचं काय झालं ते जास्त शिकवणारं आहे. रीड(१०) या वाचनाच्या कमांडचं स्ट्रक्ट असं होतं (ऑपकोड म्हणजे कमांडचा क्रमांक, एलबीए म्हणजे ब्लॉकचा पत्ता) :

स्ट्रक्ट रीड१० {
  यू८ ऑपकोड;
  यू८ फ्लॅग;
  यू३२ एलबीए;
  यू८ ग्रुप;
  यू१६ ब्लॉक_संख्या;
  यू८ कंट्रोल;
};

कागदावर १० बाइट. पण एलबीए हा यू३२ दुसऱ्या जागेवर बसू शकत नाही, तो चौथ्यावर सरकतो. ग्रुप ८, मग एक भोक, ब्लॉक संख्या १० आणि ११, कंट्रोल १२, आणि शेपटीला तीन बाइट. एकूण १६. सीबीडब्ल्यूमधली कमांडची जागाही नेमकी १६ बाइटांची! मेमकॉपीने साइजऑफ एवढे बाइट तिथे टाकले. कुठे सांडलं नाही, कोणी ओरडलं नाही. आकार जरासा मोठा असता तर निदान मेमरी बिघडून लक्ष गेलं असतं.

आता उपकरणाला काय दिसलं ते पाहू. २०४८ साठी भरलेली कमांड अशी गेली :

२८ ०० ०० ०० ०० ०० ०८ ०० ०० ०० ०० ०१ ०० ०० ०० ००

उपकरण पत्ता २ ते ५ मधून वाचतं. तिथे आधी भोकाचे दोन बाइट आणि मग पत्त्याचे वरचे दोन. म्हणजे त्याला मिळालेला पत्ता हा मूळ पत्ता १६ बिट उजवीकडे सरकवून. ब्लॉकांची संख्या ते ७ आणि ८ मधून वाचतं. तिथे पत्त्याचा सर्वांत खालचा बाइट आणि ग्रुपचा शून्य. म्हणजे संख्या = खालचा बाइट गुणिले २५६. एवढं सूत्र हातात आलं की लॉगमधली प्रत्येक विचित्र ओळ उलगडते.

ब्लॉक ० वाचायला गेलं : पत्ता ०, संख्या ०. उपकरणाच्या मते काही द्यायचंच नाही. होस्ट मात्र ५१२ बाइटांची वाट पाहतोय. होस्टची आणि उपकरणाची अपेक्षा कशी जुळते किंवा जुळत नाही याचे स्पेसिफिकेशनमध्ये तेरा प्रकार आहेत, त्यांपैकी हा चौथा. त्यात निकाल ०० येऊ शकतो आणि रेसिड्यूमध्ये ५१२ येतं. ड्रायव्हरने निकाल पाहिला, रेसिड्यू पाहिलाच नाही. बफर आधीच शून्यांनी भरलेला होता, ब्लॉकच्या शेवटी हवी असलेली ५५ एए ही खूण सापडली नाही, आणि पडद्यावर ‘फॉरमॅट नाही’ आलं.

चाचणीसाठी २०४९ वाचायला सांगितलं तेव्हा वेगळंच झालं : पत्ता ०, संख्या २५६ ब्लॉक, म्हणजे १,३१,०७२ बाइट. होस्टने मागितले ५१२. हा सातवा प्रकार, निकाल ०२, फेज एरर. सम-विषम पत्त्यांवर वेगवेगळ्या चुका येतात असं वाटून एक दिवस केबल आणि सोल्डरिंग तपासण्यात गेला. खरं कारण सम-विषम नव्हतंच. खालचा बाइट शून्य आहे की नाही, एवढंच.

हीच रचना राइट(१०) मध्ये होती. ऑपकोड २ए, बाकी तसंच. समजा हेक्स ००१२३४०० या पत्त्यावर लिहायचं आहे. उपकरणाला दिसेल पत्ता १२, म्हणजे दशमानात १८, आणि संख्या शून्य. काही लिहिलं जाणार नाही. पण ००१२३४०१ साठी संख्या २५६ होते आणि होस्ट एकच ब्लॉक पाठवतो. हा तेरावा प्रकार. त्यात फेज एरर येतो, पण तो येण्याआधी आलेला ब्लॉक १८व्या जागी लिहिला गेलेला असू शकतो. वाचनच अडलं म्हणून लिहिण्याची वेळ आली नाही, हे मुनीमजींचं नशीब.

मग क्षमता बरोबर कशी दिसली? रीड कपॅसिटी(१०), ऑपकोड २५, हिच्याही स्ट्रक्टमध्ये एलबीए दोन बाइट सरकलेला होता. पण ऑपकोड सोडून या कमांडचे सगळे बाइट शून्य असतात. शून्य सरकलं तरी शून्यच. इन्क्वायरी या ओळख विचारणाऱ्या कमांडच्या स्ट्रक्टमध्ये एकेक बाइटचीच फील्ड होती, त्यामुळे तिथे भोक पडलंच नाही. पहिल्या दोन कमांड चालल्या म्हणून तिसरीचा संशय हार्डवेअरवर गेला.

खरं काय जातंय ते पाहण्याची सोपी रीत अशी. तोच पेनड्राइव्ह लिनक्सच्या मशीनला लावावा, यूएसबीमॉन मॉड्यूल चालू करून वायरशार्कमध्ये व्यवहार पकडावा आणि रीडचे ३१ बाइट कागदावर उतरवावेत. इकडे ड्रायव्हरमध्ये पाठवण्याच्या ओळीच्या लगेच आधी बफर यूएआरटीवर (सिरियल पोर्टवर) हेक्समध्ये छापावा. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की भोक डोळ्यांना दिसतं. महागडा ॲनालायझर या कामासाठी लागत नाही.

पॅक्ड लावलं, आणि पुढे

उपाय म्हणून प्रत्येक स्ट्रक्टला जीसीसी कंपायलरचं पॅक्ड विशेषण, म्हणजे भोकं ठेवू नकोस ही सूचना, लावलं गेलं. सीबीडब्ल्यू ३१, सीएसडब्ल्यू १३, रीड१० बरोबर १०. पाचही पेनड्राइव्ह एम४ वर चालले. प्रकरण इथे मिटलं असं समजून खर्च कमी करण्यासाठी कॉर्टेक्स-एम०+ चा बोर्ड आला, आणि त्यावर पहिला ब्लॉक वाचून झाल्यावर लॉगर हार्डफॉल्टमध्ये गेला, म्हणजे प्रोसेसर चूक धरून अडला.

कारण पॅक्डने प्रश्न मिटवला नव्हता, पॉइंटरपर्यंत ढकलला होता. पॅक्ड स्ट्रक्टचं फील्ड नावाने वाचलं तर कंपायलरला ते वाकड्या पत्त्यावर असू शकतं हे ठाऊक असतं आणि तो एकेक बाइट उचलतो. पण त्या फील्डचा पत्ता घेऊन तो साध्या यू३२ पॉइंटरमध्ये ठेवला की ही माहिती पुसली जाते. हेडर फाइलमध्ये नेमकं असं एक फंक्शन होतं : यू३२चा पॉइंटर घ्यायचा आणि जागच्या जागी बाइट उलटे किंवा सुलटे करायचे. ते मास्टर बूट रेकॉर्डमधल्या (एमबीआर, म्हणजे डिस्कचा पहिला ब्लॉक) पार्टिशनच्या सुरुवातीच्या पत्त्यावर चालवलं गेलं. पार्टिशनची नोंद ४४६व्या बाइटपासून, तिच्यात पत्ता ८व्या जागी, म्हणजे ४५४. चारने भाग जात नाही. एम४ वरची साधी लोड सूचना वाकडा पत्ता निमूट वाचते. एम०+ मध्ये ती सोयच नाही, सरळ फॉल्ट. एम४ वरसुद्धा दोन शब्द एकदम उचलणाऱ्या सूचना वाकड्या पत्त्यावर फॉल्ट देतात, म्हणजे ऑप्टिमायझेशनची पातळी वाढवल्यावर तिथेही हे निघालं असतं.

जीसीसी ९ पासून पॅक्ड फील्डचा पत्ता घेतल्याचा इशारा आपोआप येतो. इथेही आला होता, बिल्डच्या दोनशे ओळींत वाहून गेला. इशारा आला की बिल्ड थांबेल अशी सोय नव्हती.

असे वाकडे पत्ते स्टोरेजच्या जगात ठायी ठायी आहेत. सीबीडब्ल्यूच्या १५व्या बाइटपासून कमांड आणि तिच्यात दुसऱ्या जागी एलबीए, म्हणजे १७. रिक्वेस्ट सेन्स या अपयशाचं कारण विचारणाऱ्या कमांडच्या १८ बाइटांच्या उत्तरात माहितीचं चार बाइटांचं फील्ड ३ऱ्या जागी. फॅट या फाइल सिस्टिमच्या पहिल्या सेक्टरमध्ये सेक्टरचा आकार हा १६ बिटांचा आकडा ११व्या जागी. हे ज्यांनी ठरवलं त्यांच्यासमोर तारेवरचे आणि डिस्कवरचे बाइट होते, आपला प्रोसेसर नव्हता.

शेवटी ठेवलेली मांडणी

तारेवरची मांडणी आणि प्रोग्रामच्या वापरातली मांडणी वेगळी केली. तारेवरच्या स्ट्रक्टमध्ये यू८ आणि यू८च्या ॲरेशिवाय काहीही नाही :

टाइपडेफ स्ट्रक्ट {
  यू८ सही[४];
  यू८ टॅग[४];
  यू८ डेटा_लांबी[४];
  यू८ दिशा;
  यू८ लन;
  यू८ कमांड_लांबी;
  यू८ कमांड[१६];
} तार_सीबीडब्ल्यू;

_स्टॅटिक_असर्ट(साइजऑफ(तार_सीबीडब्ल्यू) == ३१, "सीबीडब्ल्यू ३१ हवा");
_स्टॅटिक_असर्ट(ऑफसेटऑफ(तार_सीबीडब्ल्यू, कमांड) == १५, "कमांड १५ वर हवी");

बाइटची अलाइनमेंट १, म्हणून भोकाला कारण उरत नाही आणि पॅक्डची गरजही संपते. स्टॅटिक असर्ट सी११ पासून भाषेतच आहे. चूक झाली तर बिल्डच होत नाही. फक्त एकूण आकार तपासून भागत नाही, हे रीड१० ने दाखवलंच आहे. प्रत्येक बहुबाइट फील्डची जागा तपासायची.

वाचण्या-लिहिण्यासाठी सहा लहान फंक्शनं : लिटल ३२, बिग ३२ आणि बिग १६, प्रत्येकाचं एक वाचणारं आणि एक लिहिणारं. एमबीआर आणि फॅटसाठी लिटल १६ ची जोडी नंतर वाढली. सगळी यू८चा पॉइंटर घेतात, शिफ्ट करून एकेक बाइट ठेवतात किंवा उचलतात. यात प्रोसेसर कोणत्या एंडियनचा हा प्रश्नच येत नाही. एकच जागा सांभाळायची : बाइट २४ ने डावीकडे सरकवण्याआधी तो यू३२ मध्ये कास्ट करायचा. न केल्यास तो चिन्हसहित इंट बनतो आणि ८० किंवा त्याहून मोठ्या बाइटला वर्तन अनिश्चित होतं. मोठ्या पेनड्राइव्हवरच निघणारी ही चूक आहे, म्हणून चाचणीत सहसा सापडत नाही.

वेग कमी होईल का, हा प्रश्न येतोच. फुल-स्पीड बल्कमध्ये एक मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये ६४ बाइटांची जास्तीत जास्त १९ पॅकेट बसतात. तितक्या वेळात ४८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ४८,००० आवर्तनं फिरतो. त्यात चार बाइट सुटे लिहिण्याचा हिशेब कुठे लागणार!

या मांडणीचा एक तोटा खरा आहे. स्ट्रक्टची अलाइनमेंट आता १, म्हणून कंपायलर तो बफर कोणत्याही पत्त्यावर ठेवू शकतो, आणि यूएसबी कंट्रोलरचा डीएमए (प्रोसेसरला वळसा घालून मेमरी थेट वाचणारी-लिहिणारी यंत्रणा) ४च्या पटीतला पत्ता मागू शकतो. म्हणून बफरच्या घोषणेवर अलाइनॲज वापरून ४ मागून घेतली. कॅश असलेला प्रोसेसर असता, उदाहरणार्थ कॉर्टेक्स-एम७, तर ३२ बाइटांची कॅश-लाइन धरून सीएसडब्ल्यूच्या १३ बाइटांना स्वतंत्र अख्खी लाइन द्यावी लागली असती. नाहीतर कॅश रद्द करताना शेजारच्या व्हेरिएबलचं नवं मूल्यही जातं.

लिनक्सने याच प्रश्नाला दिलेलं उत्तर थोडं निराळं आहे. तिथलं सीबीडब्ल्यूचं स्ट्रक्ट पॅक्ड नाही आणि सुटे यू३२ वापरतं, म्हणजे आकार ३२च. पण पाठवताना साइजऑफ न वापरता ३१ हा वेगळा स्थिरांक वापरतात, सीएसडब्ल्यूसाठी १३. आतली कमांड मात्र १६ सुटे बाइटच. चालतं, पण तो स्थिरांक विसरून कोणी साइजऑफ लिहिणार नाही याची खात्री असलेल्या ठिकाणीच. लहान कारखान्यात ड्रायव्हर दोन वर्षांनी नवा माणूस उघडतो.

सीएसडब्ल्यूची तपासणीही भरून काढली. लांबी १३, सही बरोबर, टॅग आपलाच. मग निकाल ०० किंवा ०१ असेल तर रेसिड्यू मागितलेल्या लांबीपेक्षा जास्त नको. आणि वाचनात मागितलेली लांबी वजा रेसिड्यू एवढाच डेटा खरा मानायचा. सीएसडब्ल्यू घेताना स्टॉल आला तर बल्क-इनचा हॉल्ट काढून एकदाच पुन्हा घ्यायचा, दुसऱ्यांदा फसला तर रीसेट रिकव्हरी. टेस्ट युनिट रेडीला (तयार आहेस का, असं विचारणाऱ्या कमांडला) पहिल्यांदा ०१ येणं हा बिघाड नाही : रिक्वेस्ट सेन्समध्ये सेन्स की ६ दिसते, म्हणजे नुकताच लावला गेलोय असं ड्राइव्ह सांगतो. पुन्हा विचारायचं.

हेडर फाइल आता प्रोसेसरशिवाय तपासली जाते. तीच फाइल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कंपाइल होते, २०४८ साठीची कमांड तयार होते आणि वर दिलेल्या ३१ बाइटांशी मेमकंपने जुळवली जाते. वाचणारी फंक्शनं मुद्दाम बफरच्या ० ऐवजी १ या जागेपासून, म्हणजे विषम पत्त्यावरून, चालवली जातात, आणि अलाइनमेंट तपासणारा सॅनिटायझर चालू असतो. इंटेलचा प्रोसेसर जे पोटात घालतो ते सॅनिटायझर सांगतो. जुन्या कोडमधली भोकं शोधायला पाहोल हे साधन चांगलं, डीबग माहितीतून प्रत्येक स्ट्रक्टचा नकाशा छापतं.

सरतेशेवटी निघालेल्या दोन गोष्टी

रीड कपॅसिटी जो आकडा देते तो ब्लॉकांची संख्या नसून शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक असतो. एक मिळवायचा. आणि आकार बाइटांत काढताना गुणाकार ६४ बिटांत करायचा : १,६७,७७,२१६ ब्लॉक गुणिले ५१२ हा ३२ बिटांत बरोबर शून्य येतो.

दुसरी गोष्ट बिटफील्डची. इन्क्वायरीच्या पहिल्या बाइटचे वरचे ३ बिट क्वालिफायर, खालचे ५ उपकरणाचा प्रकार. हेडरमध्ये क्वालिफायर:३ आणि प्रकार:५ असं त्याच क्रमाने लिहिलं होतं. बिट कोणत्या टोकाकडून वाटायचे हे सी भाषा कंपायलरवर सोडते, आणि एआरएमवरचा जीसीसी लिटल-एंडियनमध्ये खालच्या टोकाकडून वाटतो. साध्या पेनड्राइव्हला हा बाइट ०० असतो, म्हणून चूक दिसतच नव्हती. नंतर जेल रोडवरून आणलेल्या एका ड्राइव्हमध्ये लन ० ही आभासी सीडी होती, बाइट ०५. उलट्या बिटफील्डने त्यातून प्रकार ० काढला, म्हणजे साधी डिस्क. ड्रायव्हरने ५१२ बाइट मागितले, सीडीचा ब्लॉक २०४८चा, आणि पुन्हा फेज एरर. बिटफील्ड काढून तिथे १एफ चा मास्क बसवला. गेट मॅक्स लनचं उत्तरही आता वाचलं जातं : रिक्वेस्ट-टाइप ए१, रिक्वेस्ट एफई, उत्तर १ म्हणजे लन ० आणि १ असे दोन; स्टॉल आला तर एकच लन धरायचा. त्या ड्राइव्हवर लॉगर सीडी ओलांडून लन १ वर सीएसव्ही लिहितो.